भुशाच्या शेगडीवरच्या बरगड्या

४ जानेवारी १९७६, रविवार

कंपनी दरवर्षी ड्रायव्हर लोकांना एक डायरी देते. ह्यांना तिचा काही उपयोग नाही. आजवरच्या सगळ्या ट्रंकेत कोऱ्या करकरीत पडल्या आहेत. यंदाची मी घेतली. सातवीपर्यंत शिकलेय, अक्षर बरं आहे, आणि घरात बोलायला माणूस नाही. लेक लग्न होऊन बार्शीला गेली. हे निम्मा आठवडा पिंपरी-नाशिक मालट्रकवर. राहिली ती रहाटणीतली ही एक खोली, पुढची पडवी आणि घरमालकीण शालनबाई. त्यांना माझ्यापेक्षा माझ्या धुण्याचं पाणी कुठे वाहतं याची जास्त काळजी.

हे म्हणजे साहेबराव. इथे कोण वाचतंय, म्हणून एकदा नाव लिहून टाकलं. तोंडानं घेत नाही.

आज रविवार, म्हणून मटण. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, बोकडाची बरगडी पुरुषाच्या ताटात, बाईनं मान आणि रस्सा घ्यावा. तेव्हापासून तसंच चालू आहे. हे बरगडी अशी खायचे की हाड धुतल्यासारखं निघायचं. आज सगळ्या बरगड्या ताटात तशाच ठेवल्या. रश्शात भाकरी कुस्करून खाल्ली आणि म्हणाले, चिवट झाल्यात.

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या मटणाला कुणी चिवट म्हणालं नव्हतं. गप्प बसले असते तर बरं झालं असतं, पण माझा स्वभाव तसा नाही. विचारलं, मऊ कुठं मिळतं मग? तर म्हणे चाकणला. कांद्याच्या बाजारामागे जाईबाई म्हणून कुणी खानावळ चालवते. भुशाच्या शेगडीवर सकाळी हंडी ठेवते ती उन्हं कलल्यावर उतरवते.

"तिथं दातांना कामच राहत न्हाई," म्हणाले.

बरगड्या रागानं शालनबाईंच्या कुत्र्याला घातल्या. त्याला काही चिवट लागल्या नाहीत.

७ जानेवारी

जाईबाई. नाव तरी बघा.

११ जानेवारी, रविवार

हरायचं नाही असं ठरवलं. काळेवाडीच्या लतिफभाईंकडून कोवळ्या बोकडाची छाती आणली. शालनबाईंच्या परसातली कच्ची पपई न विचारता तोडली, किसून मटणाला चोळली, आणि स्टोव्ह फुल ठेवून शिजवलं. वरचं सगळं गळून चिखल झाला, हाडाजवळ मात्र जसंच्या तसं घट्ट. शिवाय पपईचा वास. ताट वाढायची मला लाज वाटत होती.

ह्यांनी तो चिखल बोटानं निपटून खाल्ला. पुन्हा मागितला. चांगलं झालंय म्हणाले.

थट्टा करायची तर सरळ करावी. मी दिवसभर बोलले नाही. त्यांना त्याची काही अडचण झाल्याचंही दिसलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

गल्लीच्या तोंडाशी आले की हे शीळ घालतात, ती ऐकून मी तवा चढवते. ही आमची जुनी खूण आहे, लेक तान्ही होती तेव्हापासूनची. आज शीळ आली म्हणून खुशीत ठेचा वाटला. तर म्हणाले नको, झोंबतो. लग्नाच्या पंगतीत पैज लावून हिरव्या मिरच्या चावून खाणारा हा माणूस. ती बाई मिळमिळीत रांधत असणार. जीभ तिकडची झाली की घरचं झोंबणारच.

८ फेब्रुवारी, रविवार

आपलं आपण शिकायचं म्हणून भुशाची शेगडी केली. तेलाचा मोठा डबा घेतला, खालच्या बाजूला हाताएवढं भोक पाडून घेतलं. वखारीतून पोतंभर भुसा आणला. डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोकातून लाटणं आत सारायचं, भोवती भुसा भरायचा, मग बाटली आणि लाटणं काढून घ्यायचं. आत बोळ तयार होतो. खालून पेटवलं की भुसा ज्वाळेशिवाय कुढत कुढत जळतो, म्हणे अर्धा दिवस.

माझा जळला घटकाभर. मग आतला बोळ ढासळला आणि पडवीत इतका धूर झाला की शालनबाई पदर नाकाला लावून भांडायला आल्या. मी तयारीतच होते, भांडण करून टाकावं असं सकाळपासून वाटतच होतं. पण त्यांनी डब्यात वाकून बघितलं आणि त्यांचं भांडण तिथंच राहिलं.

"आगं, भुसा असा भुरूभुरू भरत्यात व्हय? बुक्क्यानं ठोक. थरावर थर ठोक. ढिला भुसा म्हंजे निसता धूर."

मग स्वतःच बसल्या ठोकत. पपईचं त्यांना कळलेलं होतं. ते त्यांनी ठोकता ठोकता सांगून टाकलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

शेगडी जमली. मंद आच, धूर नाही. हंडीत बरगड्या, कांदा, आलं-लसूण, खडा मसाला, झाकण कणकेनं लिंपलं, झाकणावर पाणी. सकाळी ठेवली ती दुपारभर नुसती आत बुडबुडत होती. मधूनमधून हंडीला कान लावायचा, एवढंच काम. खोलीत एकटीला वेळ जात नाही, पण हंडी असली की जातो, हे आज कळलं.

मांस हाडापासून सुटलं, तरी मनासारखं नाही. शालनबाई म्हणाल्या, सुपारीचं खांड टाक, म्हातारा बोकड असला तरी लोण्यावानी व्हतो. मी घरात सुपारी ठेवत नाही. ह्यांच्याकडे असते. तंबाखू-सुपारीची चंची कमरेला असल्याशिवाय हे गाडीवर चढत नाहीत. घाटात झोप येऊ नये म्हणून सुपारीचं खांड गालात धरायची सवय पहिल्या नोकरीपासूनची आहे.

एक खांड मागितलं. ह्यांनी चंचीच काढून माझ्या हातात दिली.

"सगळी घे," म्हणाले. "मला नको आता."

२० फेब्रुवारी

खरंच सोडली. पाच दिवसांत तंबाखूला हात नाही, सुपारीला नाही. आयुष्यभर मी डोकं फोडलं, सासूबाईंनी शपथा घातल्या, तेव्हा सुटली नाही ती आता आपसूक. शालनबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, देव पावला गं बाई. मी साखर वाटायची बाकी ठेवली.

तरी एक मनात येतंच. माझ्यासाठी नाही सोडली, मग कुणासाठी?

७ मार्च, रविवार

आज रागानं लिहितेय.

बरगड्या झाल्या. अशा झाल्या की उचलायला गेलं तर नुसतं हाडच हातात येत होतं. सुपारीनं काम केलं. वरून गूळ, चिंच आणि लसणीचं लिंपण लावून शेगडीच्या तोंडावर निखाऱ्याशी जरा धरल्या, वर चकाकी आली. चव फक्त तळहातावर रस घेऊन बघितली. ह्यांनी खाल्ल्याशिवाय बरगडीला हात लावायचा प्रश्नच नव्हता.

हे आले, हातपाय धुतले, ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, वाटेत चाकणला खाऊन आलो, भूक न्हाई. एक बरगडी उचलली, नुसती वास घेतल्यासारखी ओठांपाशी नेली आणि खाली ठेवली. मग पाणी पिऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

हंडी तशीच शालनबाईंकडे नेऊन दिली. त्यांच्या घरात सगळ्यांनी बोटं चाटली. त्या मला म्हणाल्या, तूबी खा की. मी नको म्हणून घरी आले.

२१ मार्च

एक गोष्ट समजत नाही. बाहेर चमचमीत खाणारा माणूस अंग धरतो. हे मात्र वाळत चालले आहेत. सदरा खांद्यावरून ओघळतो. शालनबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मन कुटं गुतलं की माणूस वाळतो. त्यांना माझ्या मनातलं कळलं की त्या सहज बोलल्या, ठाऊक नाही. मी घरी येऊन आरशात बघितलं. केस पिकलेत, दात मात्र सगळे जागेवर आहेत.

४ एप्रिल, रविवार

शीळ बंद झाली.

आधी वाटलं मला ऐकू आली नाही. मग दोन-तीन खेपा पडवीतच उभी राहिले. हे गल्लीच्या तोंडाशी आले, माझ्याकडे बघितलं, आणि तसेच चालत आले. मी काही विचारलं नाही. ज्या शिळेची ह्यांना आठवण नको, ती मी का मागू?

बोलणंही कमी झालंय. हूं आणि उंहू. पूर्वी नाशिकच्या वाटेवरचा एकेक खड्डा ह्यांच्या तोंडून ऐकला आहे मी. आता मी बोलते आणि भिंत ऐकते. रडले आज. इथे लिहायला हरकत नाही.

९ मे, रविवार

ह्यांच्या गाडीवरचा क्लीनर ज्ञानदेव निरोप घेऊन आला, गाडी नाशिकला नादुरुस्त झाली आहे, परवा येतील. जुना माणूस आहे, ह्यांना वडील भावासारखं मानतो. त्याला चहा दिला आणि सरळच विचारलं, भाऊ, हे जेवतात कुठं?

त्यानं खाली बघितलं. बशीतला चहा निवेपर्यंत बघत राहिला.

"जाईबाईकडंच, वहिनी," म्हणाला. "दुसरीकडं जेवतच न्हाईत."

पुढे त्याला काही बोलायचं होतं, पण मी बशी उचलली.

१२ जून, शनिवार

आज चाकणला गेले होते. जे झालं ते सगळं लिहून ठेवते, नाहीतर मला झोप यायची नाही.

हे कालच गाडी घेऊन गेले, उद्या येणार. शालनबाईंना म्हटलं पिंपळे गुरवला ओळखीच्या बाईकडे जाते. चांगलं नऊवारी नेसले, नाकात नथ घातली. भांडायला जाताना नथ कशाला, पण घातली. भोसरीवरून एसटी पकडली. बाजाराचा दिवस होता, गाडीत माणसांपेक्षा पोती जास्त. वाटेत मी सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. पहिलं होतं, माझा संसार मोडून तुला काय मिळणार?

कांद्याच्या बाजारामागे विचारत गेले. पत्र्याची शेड, बाहेर ट्रकवाल्यांच्या बाजा, आणि ओळीनं भुशाच्या शेगड्या, प्रत्येकीवर हंडी. मला आधी त्या शेगड्याच दिसल्या. कशा ठोकून भरल्या होत्या.

जाईबाई कोण म्हणून विचारलं तर हंडीमागून एक म्हातारी उठली. माझी आई असती तर तिच्या वयाची. पाठीला बाक, हातावर जुने भाजल्याचे डाग, तोंडात मोजून एखादा दात. माझी सगळी वाक्यं तिथंच गळाली. मी नाव सांगितलं. साहेबरावांची मंडळी म्हणताच तिनं हात पदराला पुसले आणि मला बाजेवर बसवून पाणी दिलं.

मी म्हटलं, तुमच्या हातच्या बरगड्या ह्यांना फार आवडतात, म्हणून शिकायला आले. आल्यासारखं काही तरी बोलायला हवं होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली.

"बरगड्या? बाई, तो बरगड्या कुटं खातोय. पयल्यांदा आला तवा खाल्ल्या दोन-चार. आता न्हाई. त्याच्यासाठी म्या येगळी वाटी ठिवते. हाडं काढायची, मांस पाट्यावर वाटायचं, तिखटाचा कण न्हाई घालायचा. ते बी चमच्यानं घेतो, हळूहळू. तोंडच उघडत न्हाई त्याचं. दोन बोटं जात न्हाईत आत. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

"ठाऊक आहे," मी म्हणाले.

का म्हणाले? अब्रू म्हणून. परक्या बाईनं मला माझ्या नवऱ्याचं तोंड उघडत नाही हे सांगावं, आणि मला ते माहीत नसावं, ही गोष्ट तिच्यासमोर कबूल करणं मला जमलं नाही. तिला ते कळलं असणार. पण तिनं पुढं काही विचारलं नाही. मला शेगड्यांपाशी नेलं आणि खरोखरच शिकवायला लागली. मटण कसं वाटते, रस कुठल्या फडक्यानं गाळते, गूळ किती पातळ करते. मी सगळ्याला मान हलवत होते. निघताना म्हणाली, त्याला सांगू नगं मी बोलले म्हून, त्यानं मला लेकरांची आन घातलीया.

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. सगळं एकेक करून आठवत गेलं. चिखल झालेलं मटण त्यांनी दोनदा मागून घेतलं होतं. ठेचा झोंबला होता. चंची देऊन टाकली होती. शीळ. मी त्या शिळेवरून त्यांच्यावर रुसले होते. मोशी येईपर्यंत मी पदर तोंडात धरून बसले होते, शेजारची बाई म्हणाली, गाडी लागते का तुम्हाला.

१३ जून, रविवार

हे दुपारी आले. जेवायला वाढलं नाही. दार लावलं, मी समोर बसले आणि म्हटलं, आ करा.

ह्यांनी आधी हसण्यावारी नेलं. मग चिडले, ड्युटीवरून दमून आलोय म्हणाले. मी हललेच नाही. शेवटी उघडलं तोंड. जेमतेम एक बोट आत जाईल इतकंच. मी बोट घातलं. गाल आतून ताठ लागला, चामड्याच्या पट्ट्यासारखा. आणि एका बाजूला खरखरीत, तिथं बोट लागताच ह्यांनी डोळे मिटून घेतले.

कधीपासून, मी विचारलं. दिवाळीपासून, म्हणाले.

"मला का न्हाई सांगितलं?"

 मग जपून, एकेक शब्द काढत बोलले.

"तू चिडून हुतीस ते बरं हुतं. भांडत हुतीस, शेगड्या पेटवत हुतीस. घरात आलं की बरं वाटायचं. सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस. ते बघून मी घाट कसा चढवला असता?"

मी रडले नाही. म्हणजे त्यांच्यासमोर नाही. जाईबाईनं शिकवल्याप्रमाणे मटण वाटलं, फडक्यातून गाळलं, आणि चमच्यानं भरवलं. लेकीला भरवलं होतं त्यानंतर कुणाला भरवलं नव्हतं. हे लाजत होते. दार लावलेलं होतं म्हणून भरवून घेतलं.

आमच्यात इतके दिवस जी भिंत होती ती गेली. हे लिहिताना मला आनंद होतोय, आणि त्याची लाजही वाटतेय.

२६ जून, शनिवार

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर तरुण होते. पहिला प्रश्न विचारला, काय चघळता? ह्यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तंबाखू वाईटच, पण हे सुपारीनं झालंय, सुपारी गालाचं कातडं आवळून टाकते.

 आमच्या हंडीत त्याच चंचीतली सुपारी होती. मांस मऊ करायला मी ती मागून घेतली होती. मांस कशानं मऊ होतं आणि माणूस कशानं आवळतो, हे बाईला कुणी सांगत नाही.

आतल्या खरखरीत जागेचा तुकडा काढून तपासायला पाठवला आहे.

१७ जुलै, शनिवार

तपासणीचा कागद आला. डॉक्टर मला बाहेर बसा म्हणाले आणि ह्यांच्याशी आत बोलले. हे बाहेर आले ते पान खाल्ल्यासारखे निवांत दिसत होते. किरकोळ आहे म्हणाले, मुंबईला जाऊन विजेचा शेक घ्यावा लागेल, काही आठवडे. शेकच घ्यायचा तर मुंबईला कशाला, मी घरी दिला असता. पण डॉक्टरांना जास्त कळतं. किरकोळ आहे हे ऐकून जिवात जीव आला.

एसटीत ह्यांनी सगळ्यांसमोर माझा हात धरला. लग्नातसुद्धा असा धरला नव्हता. मी म्हटलं, लोक बघतायत. बघू दे, म्हणाले.

कंपनीनं रजा दिली. ज्ञानदेव घरी येऊन गेला. ह्यांनी गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि क्लच कसा ओढतो ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ज्ञानदेवाला ते सगळं पाठ आहे. तरी तो ऐकत बसला.

२५ जुलै, रविवार

आखाडातला शेवटचा रविवार. आज सगळ्या रहाटणीत घरोघरी हंड्या चढल्या. तीन दिवसांनी श्रावण, मग महिनाभर कुणी मटणाचं नाव काढणार नाही. आम्ही बुधवारी मुंबईला निघतो. लेक परस्पर तिकडं येणार आहे. किरकोळ दुखण्याला लेकीला कशाला बोलावलं, असं मनात येऊन गेलं.

मला काही करायची इच्छा नव्हती. ज्या घरातला माणूस खाऊ शकत नाही त्या घरात आखाड कसला? मुगाची पेज करते म्हटलं. पण हे सकाळीच उठून छत्री घेऊन गेले आणि लतिफभाईंकडून छाती आणि मान घेऊन आले. पडवीत बसून स्वतः भुसा ठोकायला लागले. शालनबाई बघत उभ्या होत्या. हवा ओली होती, भुसा नीट पेटेना, तर त्या घरातून कोरडा भुसा घेऊन आल्या आणि ठेवून गेल्या. आज त्यांनी धुराबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांना काही तरी कळलेलं दिसतं, मला विचारायचं सुचलं नाही.

हंडी भरताना सवयीनं हात फळीवरच्या चंचीकडे गेला. मग ती उचलली आणि सगळी शेगडीत टाकली. सुपारीशिवाय शिजायला वेळ लागणार होता. लागू दे म्हटलं. आज कुणाला घाई होती?

दिवसभर आम्ही दोघं शेगडीपाशी बसून होतो. ह्यांना फार बोलवत नाही, म्हणून मीच बोलत होते. चाकणला नथ घालून गेले होते ते सांगितलं. हे खांदे हलेपर्यंत हसले. मला भांडायला नथ लागते हे आता लेकीला सांगणार म्हणाले.

उन्हं कलल्यावर हंडी उतरवली. गूळ-चिंचेचं लिंपण लावून बरगड्या निखाऱ्याशी धरल्या. ह्यांच्यासाठी रस गाळून वाटीत काढला. मग मी माझ्यासाठी मान शोधत होते, तर ह्यांनी पळी माझ्या हातातून काढून घेतली. ताट घेतलं, हंडीतल्या सगळ्या बरगड्या त्या ताटात वाढल्या आणि ताट माझ्यासमोर सरकवलं.

"आज तू खा," म्हणाले. "मी बघतो."

मी नको नको म्हटलं. सासूबाईंचं सांगितलं. हे नुसते बघत राहिले. शेवटी एक बरगडी उचलली. इतकी वर्षं रांधली, वाढली, दुसऱ्याच्या कुत्र्यालासुद्धा घातली, पण तोंडात घालायची ही पहिलीच वेळ. हे वाटी बाजूला ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होते. एखादा स्वतः जेवतो तसं.

"कशी लागती? सांग की."

खरं इथे लिहिते. अशी बरगडी मी कधी केली नव्हती आणि पुन्हा होईल असं वाटत नाही. दात लावायच्या आधी मांस हाडावरून निसटून जिभेवर आलं. गूळ करपून थोडा कडवट झाला होता, त्यातच सगळी चव होती. लतिफभाईंचं, जाईबाईचं, शालनबाईंच्या कोरड्या भुशाचं, सगळ्यांचं श्रेय त्यात होतं. मला हुंदका आला तो मी घासाबरोबर गिळला.

"अजून जरा चिवट हाय," मी म्हणाले. "पुढच्या आखाडाला जमंल."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ फारसे हलत नाहीत, तरी हसलेले मला ओळखू येतात.

"बरं," म्हणाले साहेबराव. "मग पुढच्या आखाडाला."

मी दुसरी बरगडी उचलली.